पूर्वेकडून येणारा पाऊस

जुलैचा पाऊस मुंबईत समुद्राकडून शिरतो, ऑक्टोबरचा डोंगराकडून उतरतो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी अंगाची काहिली. समुद्रावरून येणारा मोसमी वारा ओसरलेला असतो, पण हवेतली वाफ अजून हटलेली नसते. ती तापून वर चढते, सह्याद्रीवर ढग उभे राहतात आणि पूर्वेचा वारा त्यांना इकडे ढकलतो. चारच्या सुमारास मुलुंडच्या गच्चीवरून ठाण्यापलीकडचं आभाळ काळंनिळं दिसायला लागलं की बायका वाळत घातलेले कपडे ओढायला धावतात.

हवामान खात्याच्या लेखी मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर. पण 2019 साली तो 14 तारखेपर्यंत रेंगाळला आणि 2020 साली थेट 28पर्यंत. तोवर छत्र्या माळ्यावर गेलेल्या असतात. कधी तो ऑक्टोबरची वाटही बघत नाही: 25 सप्टेंबर 2024च्या संध्याकाळी तर तो पूर्व उपनगरांवर असा कोसळला की मध्य रेल्वेच्या लोकल जागच्या जागी थांबल्या आणि दुसऱ्या दिवशी शाळांना सुट्टी द्यावी लागली.

एरवी मात्र हा पाऊस सगळ्यांचा नसतो. जुलैत अख्खी मुंबई एकाच वेळी भिजते, ऑक्टोबरात उपनगरं पुन्हा वेगवेगळी गावं होतात. मुलुंडला विजा कडाडत असतात, मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, आणि पलीकडे बोरिवलीत पोरं कोरड्या मैदानात क्रिकेट खेळत असतात. अंधेरीच्या ऑफिसात सुनेचा फोन वाजतो. "अगं, निघू नकोस एवढ्यात, इथे समोरची बिल्डिंग दिसत नाहीये," मुलुंडहून सासूबाई सांगतात. सून खिडकीतून बघते, तर बाहेर ऊन!

मेट्रोनं अंधेरीहून घाटकोपरला जाताना हा पाऊस कुठे सुरू होतो ते डोळ्यांनी बघता येतं. साकीनाक्यापर्यंत काचा कोरड्या, असल्फ्याला तिरपे थेंब, घाटकोपरला उतरावं तर पुलावर पाय ठेवायला जागा नाही. जिन्याच्या तोंडाशी माणसं खोळंबलेली. कुणी लॅपटॉपची बॅग पोटाशी धरलेली, कुणी झेंडूची पिशवी. खाली दांडियाच्या काठ्या विकणारा पोरगा निळं प्लास्टिक मालावर ओढतो आणि त्याच पथारीखालून घडीच्या छत्र्यांचं खोकं बाहेर काढतो. जून संपल्यावर त्यानं ते घरी नेलेलंच नसतं. वारा सुटला की पुलावरची माणसं वर बघतात. 13 मे 2024ला छेडानगरचं होर्डिंग पेट्रोल पंपावर पडलं आणि सतरा माणसं गेली, तेव्हापासून घाटकोपरकरांना ती सवय लागली आहे.

सणांचं आणि या पावसाचं भांडण जुनंच. हस्त नक्षत्राच्या या दिवसांत सोसायटीच्या आवारात भोंडला ठरलेला असतो. पाटावर हत्ती रंगवून झालेला, आणि नेमकी सर येते. मग स्टिल्टमधल्या दोन गाड्या हलवायच्या, त्यासाठी वॉचमनला तिसऱ्या मजल्यावर पिटाळायचं, आणि खांबांमधल्या त्या चिंचोळ्या जागेत फेर धरायचा. गाणी दुप्पट घुमतात, खिरापत ओळखण्याचा गलका चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जातो. गरब्याच्या मैदानाला अशी सोय नसते. तिथे स्पीकरवर ताडपत्री टाकून, घागरे घोट्यांच्या वर धरून, पास काढलेली मंडळी चिखल निथळण्याची वाट बघतात.

त्याच रात्री घाटकोपरच्या एखाद्या चाळीतून कोकणात फोन लागतो. तिथे भात कापणीला आलेलं, काही कापून खाचरात पसरलेलं. भिजून पडून राहिलं तर दाण्यालाच कोंब फुटतो आणि वर्षाची मेहनत पाण्यात जाते. गरबा बुडाला म्हणून दिवसभर कुरकुरलेला माणूस तो फोन ठेवल्यावर जरा गप्प होतो.

इशारा सबंध उपनगर जिल्ह्याला असतो, ढग मात्र एखाद्या विभागापुरता. त्यामुळे मोबाइलवर "यलो अलर्ट" वाचूनही माणसं एकमेकांना फोन करतातच: "तुमच्याकडे पडतोय का?" जुलैत हे कुणी विचारत नाही, टीव्ही सगळं दाखवतो. ऑक्टोबरात अंधेरीला मुलुंडची आणि मुलुंडला कोकणातल्या राजापूरची खबर आपल्या माणसालाच विचारून घ्यावी लागते.