जुना फीतवाला कॅमेरा

मोबाइल फोनने चलच्चित्र घेणे आज इतके सोपे झाले आहे की, स्नेहसंमेलनात पाचवीतला विद्यार्थीही रंगमंचाकडे न पाहता हातातील काचेकडे पाहत असतो. अशा काळी आम्ही हाय-८ जातीचा फीतवाला कॅमेरा अजून वापरतो, ह्याचे आमच्या विद्यार्थ्यांस मोठे नवल वाटते. कित्येक पालकांसही वाटत असावे. ते सौजन्याने बोलून दाखवीत नाहीत, इतकेच.

हा कॅमेरा आमच्या काकांनी १९९३ साली मस्कतहून आणला. तेथील व आपल्याकडील दूरचित्रवाणीची पद्धत त्या वेळी एकच, पॅल नावाची, होती. म्हणून त्याचे चित्र आमच्या घरच्या संचावर सुखाने उमटले. अमेरिकेहून आणला असता तर तसे झाले नसते.

त्याची आतील रचना जिज्ञासू विद्यार्थ्यांस सांगण्याजोगी आहे. आठ मिलिमीटर रुंदीची फीत सेकंदास अवघी दोन सेंटिमीटर सरकते. इतक्या संथ फितीवर हलते चित्र मावावे कसे? ह्यावर युक्ती अशी की, फीत एका तिरप्या ढोलाभोवती गुंडाळली जाते आणि तो ढोल मिनिटास १५०० फेरे घेतो. त्यावरील दोन हेड प्रत्येक फेऱ्यात फितीवर दोन तिरक्या रेघा ओढतात. एकीत चित्राच्या विषम ओळी, दुसरीत सम. दोन्ही मिळून एक चित्र, व अशी सेकंदास पंचवीस. ध्वनीही ह्याच तिरक्या रेघांत मिसळलेला असतो. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

क्रीडादिनी आम्ही हा कॅमेरा मैदानावर नेतो. एक कॅसेट नव्वद मिनिटांची. ती संपली की संपली. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी हात क्षणभर थांबतो. शर्यत संपताच मुले धावत येतात आणि “सर, लगेच दाखवा” म्हणतात. फीत मागे गुंडाळीपर्यंत निम्मी मुले पुढच्या शर्यतीला निघून गेलेली असतात! हल्ली काही तरुण असल्याच जुन्या कॅमेऱ्यांस चांगले पैसे मोजतात, व काही जण फोनच्या स्वच्छ चित्रावर मुद्दाम खोट्या रेघा उमटवून घेतात असे ऐकतो. नव्या कवळीवर किडीचा डाग रंगवून घेण्यासारखेच हे आम्हांस वाटते. असो.

परंतु आमच्या घरी ह्या कॅमेऱ्याचे मोल निराळ्या कारणाने आहे. १९९४ च्या मे महिन्यात काकांनी रत्नागिरीकडील आमच्या घराच्या पडवीत वडिलांचे चित्र घेतले. वडील बाज विणीत आहेत आणि दोरीला पीळ कसा द्यावा हे आम्हां भावंडांस सांगत आहेत. वडील २००३ साली वारले. त्यांची छायाचित्रे पुष्कळ आहेत. आवाज मात्र ह्या एका फितीवर, अन्यत्र कोठेही नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली. पुण्यातील एका वृद्ध कारागिराने ती हाती घेऊन बजावले की, अशी फीत चालविली तर बुरशी हेडवर चढेल आणि फीतही जाईल. त्याने कॅसेट उघडून फीत हळूहळू पुसली. दोन दिवस लागले. “आता एकदाच चालवा, आणि त्याच वेळी संगणकात उतरवून घ्या,” तो म्हणाला. फितीवरून फितीवर नक्कल केली की प्रत्येक पिढीस चित्र थोडे मळते. आकड्यांत उतरविलेल्या चित्राची नक्कल मात्र मुळाबरहुकूम होते.

आम्ही पिवळी, पांढरी व तांबडी तार एका डबीमार्फत संगणकास जोडली. येथे घाई चालत नाही. नव्वद मिनिटांची फीत उतरण्यास नव्वद मिनिटेच लागतात. आई खुर्ची ओढून बसली. बाज अर्धी विणून झाली होती, तोच पडद्यावर पांढरे कण पसरले. चित्र गेले, आणि त्याबरोबर आवाजही गेला, कारण दोन्ही त्याच रेघांत. यंत्र थांबवावे तर फीत अडकण्याचे भय, चालू ठेवावे तर तुटण्याचे. आम्ही हात लावला नाही. अकरा सेकंद गेले. मग वडील पुन्हा दिसले, ते काकांकडे पाहून म्हणत होते, “अरे, बंद कर ते, सेल उतरेल.”

आई हसली. नंतर बराच वेळ ती काही बोलली नाही, फीत संपल्यावर म्हणाली, “पुन्हा लाव.”

आम्ही संगणकावरून लावले. आता त्याच्या तीन नकला तीन घरी आहेत. मूळ कॅसेटवर चुकून काही मुद्रित होऊ नये म्हणून तिची लहानशी खिट्टी सरकवून ती कोरड्या डब्यात ठेवली आहे. ती अकरा सेकंदे आम्ही कापून काढलेली नाहीत. आई ती आली की डोळे मिटून घेते आणि आवाज परत येईपर्यंत थांबते.