गोळे टाकण्याआधी

नागपूर

चि. रेवा हिस,


तुझं पत्र मिळालं. सिमेंट मिलचा लोड उतरलाय, साहेब म्हणतात आत पाच टन दळणाचे गोळे टाका आणि लोड पुन्हा वर आणा. तुला ते पटलं नाही, पण मीटिंगमध्ये कारण नेमकं मांडता आलं नाही. तुझं न पटणं बरोबर आहे. त्याचं कारण सविस्तर लिहितो. माझी सगळी नोकरी गडचांदूरच्या परिसरात मिलच्या आवाजात गेली, म्हणून हा विषय मला फोनवर उरकता येत नाही.

मिल फिरवायला किती किलोवॅट लागतात, ते आत उचलल्या जाणाऱ्या वजनावर ठरतं. गोळे झिजले, वजन घटलं, लोड उतरला. इथवर साहेबांचं म्हणणं खरं. पण पाच टन ९० मिलिमीटरचे टाकले काय आणि पाच टन २० मिलिमीटरचे टाकले काय, पॅनेलवरचा आकडा जवळपास सारखाच चढतो. फरक पडतो तो दळणात. ९०चा पोलादी गोळा साधारण ३ किलोचा, टनात साडेतीनशेसुद्धा बसत नाहीत. २०चा गोळा जेमतेम ३३ ग्रॅमचा, टनात तीस हजारांहून जास्त. एक टन ९०च्या गोळ्यांचा पृष्ठभाग साडेआठ चौरस मीटर, तेवढ्याच वजनाच्या २०च्या गोळ्यांचा ३८. लोड बघून तुला यातलं काहीच कळत नाही. लोड परत आला आणि टीपीएच (ताशी टन) आलाच नाही, ब्लेन (सिमेंटच्या बारीकपणाचा आकडा) गाठता येईना, अशा तक्रारींचं मूळ बऱ्याचदा इथंच असतं.

दोन कप्प्यांच्या मिलमध्ये पहिल्यात कुटायचं असतं आणि दुसऱ्यात वाटायचं. खलबत्त्याचं काम पाट्यावर होत नाही. कूलरवरून आलेला पाव इंचापासून इंचभरापर्यंतचा क्लिंकर फोडायला ९०, ८०, ७०, ६०चे गोळे लागतात. पुढं डायफ्रॅमपलीकडे, म्हणजे दोन कप्प्यांमधल्या जाळीपलीकडे, ठोसा कमी आणि घर्षण जास्त हवं, म्हणून ५०-४०पासून १७-१५पर्यंत उतरत जायचं. मिलच्या आधी रोलर प्रेस असेल तर क्लिंकर आधीच चिरडलेला येतो, तिथं ९०चा गोळा नुसता लायनर, म्हणजे मिलचं आतलं अस्तर, बडवतो. म्हणून दुसऱ्या कारखान्याचं कोष्टक कुणी आणून दिलं तर ते जसंच्या तसं वापरू नकोस. फीडची चाळणी कर, मग कोष्टक कर.

आता गोळा झिजतो कसा, ते कागदावर मांडून बघ. झीज पृष्ठभागावर होते, त्यामुळे मोठा असो की लहान, गोळ्याचा व्यास साधारण सारख्याच वेगानं कमी होतो. कप्प्यात कायम एकाच मोठ्या मापाचे गोळे टाकत राहिलीस आणि बाहेर काही काढलं नाहीस, तर काही काळानं सगळ्या व्यासांचे गोळे संख्येनं सारखे होतात. पण वजन जातं व्यासाच्या घनावर. समज ३०चेच टाकलेस, तर निम्म्याहून जास्त वजन २५ ते ३०मध्येच अडकतं आणि १५च्या खालचे सगळे मिळून ६ टक्के भरतात. 'मोठे टाका, झिजून लहान होतीलच' ही समजूत मी कितीतरी कारखान्यांत ऐकली आहे. पहिल्या कप्प्यात ती बऱ्यापैकी खपून जाते. दुसऱ्या कप्प्यात ती दळणाची वाट लावते, कारण तिथं ज्या बारीक गोळ्यांच्या जोरावर ब्लेन मिळतो, ते झिजेतून पुरेसे तयारच होत नाहीत. ते वेगळे मोजून टाकावे लागतात.

हाय क्रोमच्या गोळ्यांमुळे मापांच्या मिश्रणातला हा दोष आणखी लपतो. ते साध्या फोर्ज्ड गोळ्यांपेक्षा कितीतरी कमी झिजतात, हे चांगलंच. पण मिश्रण बिघडतंही तितकंच हळू. रोजच्या रिपोर्टमध्ये काही दिसत नाही, विजेचे युनिट प्रति टन थोडे थोडे चढत जातात आणि दोष क्लिंकरवर जातो. एका कप्प्यात दोन जातींचे गोळे मिसळू नयेत, हेही सांगून ठेवतो. मऊ आधी संपतात आणि हिशोब कुणालाच लागत नाही.

तेव्हा गोळे टाकण्याआधी मिल बघ. आधी क्रॅश स्टॉप घे. मिल नेहमीच्या लोडवर स्थिर चालू असताना फीड आणि मिल एकदमच बंद. आत शिरण्यापूर्वी परमिट, लॉकआउट, मिल थंड झाल्याची खात्री, २४ व्होल्टचा दिवा आणि मॅनहोलवर एक माणूस. यातलं एकही कमी असेल तर आत पाऊल टाकायचं नाही, कितीही घाई असो. मग दर मीटरला, रुंदीत तीन ठिकाणी थर उकरून नमुने घे. वरवरचा माल खोटं बोलतो. चाळणीचे आकडे मिलच्या लांबीवर मांडलेस की आलेख दिसेल. पहिल्या कप्प्याच्या शेवटी अडीच मिलिमीटरच्या चाळणीवर ५ टक्क्यांहून जास्त राहत असेल, तर कुटणं अपुरं आहे. दुसऱ्या कप्प्यात रेघ अर्ध्यातच आडवी होत असेल, तर गोळे तिथल्या कामाला मोठे आहेत, किंवा त्यांच्यावर सिमेंटचा लेप बसलाय. गोळा हातात घेऊन बघितलास की दोन्हींतलं काय ते कळेल.

त्यानंतर मिल थोडा वेळ बिनफीडची चालवून माल काढून टाक आणि गोळ्यांच्या पातळीपासून वरच्या लायनरपर्यंतचं अंतर मोज. आतला व्यास ४ मीटर असेल आणि भरण ३० टक्के असेल, तर ते २.६४ मीटरच्या आसपास येतं. भरण २८ टक्क्यांवर उतरलं की पातळी साधारण साडेसहा सेंटिमीटर खाली जाते. टेप नीट धरली तर चुकण्यासारखं नाही. प्रत्येक कप्प्यात तीन ठिकाणी मोजून सरासरी काढ. हे अंतर किती टन हवेत ते सांगतं. कोणत्या मापाचे हवेत, ते आलेख सांगतो. साहेबांसमोर हे दोन्ही कागद ठेव.

भंगाराकडेही लक्ष दे. फुटके, चपटे झालेले आणि जाळीच्या फटींत अडकणारे बारके तुकडे वजनात मोजले जातात, दळत मात्र काहीच नाहीत. शिवाय डायफ्रॅमच्या फटी बुजल्या की हवा कमी होते, मिल तापते. मोठ्या शटडाउनला कप्पा रिकामा करून सगळे गोळे चाळून वेगळे करणं कटकटीचं काम आहे, मजूर आणि दिवस दोन्ही जातात. तरी ते कर.

तुमच्याकडे पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, वाढतंय असं लिहिलंस. राख मुळातच बारीक असते. ती मिलमध्ये किती आणि सेपरेटरला किती जाते, यावर दुसऱ्या कप्प्याचं मिश्रण बदलावं लागेल. साध्या सिमेंटच्या, म्हणजे ओपीसीच्या, दिवसांतलं कोष्टक तसंच चालू असेल, तर मला तिथंच पहिला संशय येईल.

एक आवडीची गोष्ट सांगतो. ट्यूब मिल सिमेंट धंद्यात रुजवली ती १८९०च्या दशकात एफ. एल. स्मिट या डॅनिश कंपनीनं. तेव्हा आत पोलाद नव्हतं, समुद्रकाठचे चकमकीचे गोटे असत, पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या वजनाचे. त्याच कंपनीचा सोरेन टुब्रो १९३४मध्ये कोइमतूरजवळ मदुक्कराईच्या सिमेंट कारखान्याची यंत्रं बसवायला आला. १९३८मध्ये त्यानं आणि त्याचा सहकारी हॉल्क-लार्सन यानं मुंबईत लार्सन अँड टुब्रो काढली आणि पुढं या लार्सन अँड टुब्रोचाच सिमेंट कारखाना गडचांदूरशेजारी आवारपूरला उभा राहिला. हा धागा मला फार मोलाचा वाटतो.

एक वही ठेव. तारीख, कप्पा, माप, टन, मिलचे तास, दळलेलं सिमेंट. यावरून झीज प्रति टन ग्रॅममध्ये निघेल आणि पुढच्या वेळी लोड उतरायच्या आधीच तुला कळेल. ही वही ऑपरेटरच्या हाती असू दे. मिलचा आवाज बदललेला त्यालाच सगळ्यांआधी कळतो, तो शेराही त्यानं त्यात लिहावा.

शटडाउनची तारीख ठरली की कळव. चाळणीचे आकडे पाठव, आलेख आपण दोघं मिळून वाचू. पाच टनांचा निर्णय तोवर थांबव. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा