१८ मीटरांची वेस

आमच्या पुतण्याने मालवणहून स्कूबाचे प्रमाणपत्र आणले, अन् घरात त्याचा भाव वधारला. दुखणे एकच: नवशिक्याला मर्यादा १८ मीटरांची. पुढचे शिक्षण घेतले तर ३०. हौशी बुडीची शेवटची हद्द ४०.

“काका, पाणी तर तेच ना?”

पाणी तेच, पण दर १० मीटरांना साऱ्या वातावरणाएवढा दाब आणखी चढतो. तिसांच्या सुमारास श्वासातला नायट्रोजनच भांगेसारखा अंमल करू लागतो. मला तो भांगेहूनही बिलंदर वाटतो. झिंगलेला स्वतःला शुद्धीवरच समजतो! खोलवर हवाही भराभर संपते. घाबरून झपाट्याने वर यावे, तर रक्तात बुडबुडे.

“खाली हटकायला कोण असते?” वहिनींनी विचारले.

त्याने मनगटावरचे खोली सांगणारे यंत्र दाखवले, जोडीदाराचे नाव सांगितले.

वहिनींनी त्या जोडीदाराला फराळाला बोलावले.