अठ्ठावीसचा टायर

आमच्या लहानपणी सायकलीच्या टायरवर २८ हा आकडा असायचा, तो इंचांचा. काळी, दांड्याची सायकल, २८ बाय दीड. आता भाचा रोड बाईकसाठी "मामा, अठ्ठावीस की बत्तीस?" असं विचारतो तेव्हा ते मिलिमीटर असतात, टायरच्या रुंदीचे. टायरवर २८-६२२ असं छापलेलं असतं. त्यातला ६२२ म्हणजे रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. जुन्या काळ्या सायकलीचा हा व्यास ६३५. म्हणजे नुसतं अठ्ठावीस सांगून दुकानात काही मागू नये!

भाचा रायबंदरहून पणजीला कामावर जातो, रात्रपाळी करून त्याच जुन्या बांधावरून परततो. हा बांध पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये घातलेला. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. गेल्या पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात त्याचं पुढचं चाक गेलं आणि तो पडला. कोपराला सात टाके. बहिणीने फर्मान काढलं, सायकल विकून टाक. आता स्कूटर घ्यायची तर कर्ज आलं. म्हणून हा टायरचा प्रश्न आमच्या घरात टायरपुरता राहिला नाही.

रुंद टायर घेतला की हवा कमी ठेवता येते, खड्ड्याचा दणका कमी बसतो. मग बत्तीसच घ्या की, असं तुम्ही म्हणाल. पण फ्रेम काय म्हणते ते बघावं लागतं. मी कारकून माणूस, मोजल्याशिवाय पुढे सरकत नाही. मागच्या दोन नळ्यांमध्ये टायर जिथे सर्वांत रुंद, तिथे अंतर ३९ मिमी भरलं. जुना टायर पंचवीसचा, पण रिम रुंद असल्यामुळे प्रत्यक्षात २६. दोन्हीकडे साडेसहा-साडेसहा उरले. म्हणजे बाजूने बत्तीसही बसला असता.

अडचण निघाली वर, पुढच्या ब्रेकखाली. तिथे फक्त ७ मिमी. टायर रुंद होतो तसा साधारण तेवढाच उंचही होतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अठ्ठावीसला ४ मिमी उरतात, बत्तीसला शून्य. एखादी तार तुटली की चाक डुलतं, आणि आपला लाल चिखल तर टायरला चिकटून वरपर्यंत येतो. कार्बनचा फोर्क असेल तर त्या चिखलातले खडे तो कानशीसारखा घासतात. चारच्या खाली जायला मी साफ नकार दिला. चार मिमीची ॲलन की त्या फटीतून चाक फिरवत सगळीकडे जाते का, हे बघायचं. एवढी परीक्षा पुरते.

अठ्ठावीस बसवले. मागच्या चाकात शंभराऐवजी पंचाहत्तर पीएसआय हवा. पोरगा साठ किलोचा, त्याला पुरते. शिवाय पुढे चांगला दिवा लावला, तो मात्र बहिणीच्या पैशांनी. मडगार्डला जागाच उरली नाही, त्यामुळे जुलैत त्याच्या शर्टाच्या पाठीवर लाल पट्टा उठतो आणि तो धुताना बहीण मला फोन करते.