कम्बाइन्ड सायकल

आमच्या खोलीत एका कॅरिबियन बेटाचं कॅलेंडर आहे. निळं पाणी, वाकलेला माड आणि त्याला टेकवलेली सायकल. दर सेमिस्टरला पीएल लागली की आम्ही त्याच्याकडे बघून उसासे टाकतो आणि मुकाट्याने मेसचं बिल भरतो. या वेळी रूममेट म्हणाला, "माड, समुद्र आणि सायकल एवढंच पाहिजे ना? मग चिपळूणचं तिकीट काढ!"

तर मंडळी, कोकण रेल्वेने चिपळूण, एस.टी.ने गुहागर, तिथल्या एका दुकानातून दिवसाला 50 रुपयांनी दोन सायकली आणि पुढे पेडल मारत अंजनवेल. नकाशावर हा रस्ता किरकोळ दिसतो, कारण नकाशाला चढ नसतात! गिअर नाहीत, ब्रेक आहेत म्हणायचे. निम्मा रस्ता आम्हीच सायकली ढकलत होतो.

राहायला एका घराची पडवी मिळाली. दोन गाद्या, एक मच्छरदाणी, चुलीवर तापवलेलं पाणी आणि दोन वेळचं जेवण धरून माणशी 300 रुपये. कुळथाचं पिठलं, गरम भात, वर सोलकढी. (मेस कमिटीने नोंद घ्यावी.)

दुसऱ्या दिवशी गोपाळगड. जांभ्या दगडाची तटबंदी, जमिनीच्या बाजूने खोदलेला खंदक आणि आत चक्क आंब्याची बाग! सिद्दीकडून हा किल्ला तुळाजी आंग्र्यांनी जिंकला आणि त्याचं नाव गोपाळगड पडलं. खाली वाशिष्ठी समुद्राला मिळते, पलीकडे दाभोळ. आणि गावाच्या शेजारीच तो वीजप्रकल्प, पूर्वीचा एन्रॉनचा. टाळकेश्वराच्या दीपगृहापाशी बसून मी रूममेटला त्याच्यावर लेक्चर दिलं. इलेक्ट्रिकलचा ना मी!

त्याची फेड रात्री झाली. वारा सुटला आणि लाईट गेली. काकांनी कंदील लावला आणि विचारलं, "काय रे, तू विजेचंच शिकतोस ना? मग एवढा प्रकल्प दाराशी असून आमच्याकडे काळोख कसा?"

मी घसा साफ केला. पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू, 740 मेगावॅट, नाफ्त्यावर. 2001 मध्ये बंद. 2005 मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी आली. दोन्ही टप्पे मिळून 1,967 मेगावॅट, कम्बाइन्ड सायकल प्लांट...

"सायकल?" काका म्हणाले.

"म्हणजे काका, अ‍ॅक्च्युअली, टर्बाइनची एक्झॉस्ट हीट वापरून स्टीम..." आणि मी अडकलो. पुढचं सगळं इंग्रजीतच येत होतं. कॉन्व्हेंटमध्ये मराठी आठवड्याला चार तास, त्यात ‘पावसाळ्यातील एक दिवस’ मी पाठ केला होता, पण त्या पावसात कुठे फीडर ट्रिप झाला नव्हता. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण घरी कोण विचारतंय वीज कशी येते ते! व्हायव्हाला गप्प बसलोय, पण तेव्हा इतकी लाज वाटली नव्हती.

शेवटी हातवारे करत सांगितलं, की प्रकल्पातली वीज फार मोठ्या दाबाने मोठ्या तारांवरून लांब जाते. गावाची तार वेगळी, छोटी, झाडांतून येणारी. फांदी पडली की संपलं.

काकू आतून म्हणाल्या, "म्हणजे हायवे दारावरून जातो, पण एस.टी. थांबत नाही."

दोन वर्षांत इतकं स्वच्छ मला कुणी शिकवलं नव्हतं.

सकाळी धोपाव्याच्या जेट्टीकडे निघालो. फेरीबोटीने पलीकडे दाभोळची जुनी दगडी मशीद बघायची होती. वाटेत माझी सायकल पंक्चर! ती एका टपरीपाशी ठेवून दोघं एकाच सायकलवर बसलो. रूममेट धापा टाकत म्हणाला, "ही खरी कम्बाइन्ड सायकल. माझ्या एक्झॉस्टवर तू चालतोयस."

होस्टेलवर परतल्यावर मी शब्दकोश घेऊन बसलो आणि काकांना दोन पानी पत्र लिहिलं. पूर्ण मराठीत, आकृतीसकट. पंधरा दिवसांनी फोन आला.

"पत्र मिळालं हो. सगळं समजलं. फक्त ते ‘रोहित्र’ म्हणजे काय रे?"

"ट्रान्सफॉर्मर, काका."

"मग डीपी म्हण की!"