वेदगंगेकाठचा मुक्काम

बेळगावच्या रिसालदार गल्लीत एक घर आहे. ऑक्टोबर १८९२ मध्ये कोल्हापूरहून बेळगावात आलेले स्वामी विवेकानंद आधी इथे, वकील भाटे यांच्याकडे उतरले. ओळख म्हणाल तर कोल्हापूरहून आणलेली एक चिठ्ठी, बस्स. तेव्हा हा संन्यासी कोण, हे भाट्यांना ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. तरी त्यांनी त्याला घरात घेतलं, जेवू घातलं. आता तिथं स्मारक आहे. निपाणीकडे निघण्याआधी मी मुद्दाम या गल्लीतून चक्कर मारली. ज्या ठिकाणी मला मुक्कामाला जायचं होतं, त्या घराचं पोटही परक्या माणसाला दार उघडण्यावरच चालतं. फरक एवढाच, की दोन महापुरांनी ते दार जवळजवळ बंद पाडलं होतं.

गाडी मिळाली ती कर्नाटकची. पाटी कानडीत, कंडक्टरचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी, आणि सुट्ट्या पैशांवरून होणारी कुरकूर दोन्ही भाषांत. राणी चन्नम्मांचं माहेर असलेलं काकती मागं पडलं. पुढं डोंगरावर वल्लभगड दिसू लागला, ज्याला इकडची माणसं हरगापूरचा गड म्हणतात. त्याच्या पलीकडे संकेश्वर. इथल्या मिरचीचं नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक मसाल्याच्या दुकानात ऐकू येतं, आणि शंकराचार्यांच्या संकेश्वर-करवीर पीठामुळं धर्मशास्त्र जाणणाऱ्यांनाही गाव माहीत असतं. मला मात्र गावाजवळून वाहणारी हिरण्यकेशी पाहायची होती. आंबोलीच्या कड्यात उगम पावून, आजरा आणि गडहिंग्लज ओलांडून ती इथं येते. श्रावणात तिचं पाणी चहासारखं दिसत होतं, पण पात्रात होतं. नदीकाठच्या गल्लीतल्या एका किराणा दुकानदारानं काउंटरच्या वरची फळी दाखवली आणि म्हणाला, "हितवर आलतं." पुढं काही बोलायची त्याला गरज वाटली नाही.

या भागातला पूर समजून घ्यायचा तर आधी या नद्यांचं नातं समजून घ्यावं लागतं. वेदगंगा भुदरगडात जन्मते, गारगोटी-मुरगूडकडून निपाणीच्या अंगाला येते आणि दूधगंगेला मिळते. दूधगंगा पुढं चिकोडी भागात कृष्णेला मिळते. सह्याद्रीच्या माथ्यावर आठ-आठ दिवस धार लागली, की धरणं भरतात, दारं उघडतात आणि इकडं ऊन पडलेलं असतानाही पाणी चढतं. त्याच वेळी कृष्णा तुडुंब असेल, तर ती दूधगंगेचं पाणी आत घेत नाही. मग फुगवटा मागं सरकत सरकत वेदगंगेच्या काठच्या शेतांत पसरतो. २०१९ साली नेमकं हेच झालं. त्या पुराचं खापर पुष्कळांनी कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या आलमट्टी धरणावर फोडलं. महाराष्ट्र सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० मध्ये ते मान्य केलं नाही. दोन राज्यांत आधीच भाषेवरून आणि जमिनीवरून वाद असताना पाण्याचा दोषही सीमेपलीकडं ढकलायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण पुरात बुडालेल्या माणसाला दोष कुणाचा हे कळून काही मिळत नाही. पाणी किती वाजता आणि कुठवर येणार हे त्याला वेळेवर कळायला हवं असतं, आणि तेच कळत नाही.

तवंदी घाट उतरला की निपाणी. पेशवाईच्या अखेरच्या काळात सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर, म्हणजे आप्पा देसाई निपाणीकर, या सरदारानं हे गाव नावारूपाला आणलं. पुढं ते तंबाखूची पेठ म्हणून वाढलं. वखारींच्या बाजूनं चालताना आजही नाकात झोंबणारा वास येतो. पिढ्यान् पिढ्या इथल्या बायका विड्या वळत आल्या आहेत. १९५६ साली निपाणी म्हैसूर राज्यात गेली. गावाला लागून असलेल्या अर्जुननगरचं देवचंद कॉलेज मात्र महाराष्ट्रात राहिलं. म्हणजे निपाणीची मुलं रोज राज्य ओलांडून शिकायला जातात आणि दुपारी जेवायला परत कर्नाटकात येतात.

मी जिथं उतरलो ते लॉज गावाबाहेर, यमगर्णीच्या बाजूला, महामार्गाला लागून आहे. खाली खानावळ, वर सहा खोल्या, मागं उसाचा फड. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांच्या वडिलांनी कुडाच्या भिंती घालून चहाची टपरी टाकली होती. मग भाकरी-झुणका सुरू झाला, मग तांबडा-पांढरा, आणि तंबाखूच्या खरेदीला येणारे मुनीम मुक्काम मागू लागले म्हणून वर खोल्या चढल्या. घरातलीच माणसं राबतात. अण्णा गल्ल्यावर, वहिनी चुलीपाशी, मुलगा बाजारहाट करतो, सून खोल्या बघते. आजी ऐंशी ओलांडलेल्या, दारातल्या बाकावर बसून येणाऱ्याला नावगाव विचारतात. "पावणं, कुठलं म्हनायचं?" हा प्रश्न इथल्या नोंदवहीच्या आधी येतो.

या आजींना रस्ता बंद पडण्याची आठवण पुराची नाही, १९८१ ची आहे. १४ मार्चला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर येऊन बसले. तिथंच चुली मांडल्या, पालं ठोकली, त्या वस्तीला आंदोलननगर म्हणू लागले. पुणे-बेंगलोर रस्ता तीन आठवड्यांहून अधिक काळ अडला. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मेले. आजी त्या दिवसांत भाकऱ्यांच्या दुरड्या घेऊन जात होत्या. "धंदा बंदच हुता. पर मानसं आपली हुती," त्या म्हणाल्या. त्यांच्या मते तो बंद आणि पाण्यानं केलेला बंद यांत हाच फरक.

२०१९ मध्ये नागपंचमीला, ५ ऑगस्टच्या सुमाराला, वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं. आसळकाचा, म्हणजे आश्लेषा नक्षत्राचा पाऊस लागला होता. तिकडं कोल्हापूरजवळच्या शिरोलीला पंचगंगेनं तोच रस्ता तोडला. मधे अडकलेल्या ट्रकांच्या रांगा लागल्या. ड्रायव्हर तमिळनाडूचे, राजस्थानचे, पंजाबचे. लॉज तोवर कोरडं होतं. वहिनींनी गव्हाचं आणि जोंधळ्याचं जेवढं पीठ होतं ते संपेपर्यंत रोट्या-भाकऱ्या केल्या. पैसे घेतले का, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि भांडी आवरायला लागल्या.

मग एका रात्री पाणी आलं, आणि आलं ते मागच्या बाजूनं, उसातून. सगळ्यांचं लक्ष रस्त्याकडं होतं. आधी मोरीतून बुडबुडे आले, मग शहाबादी फरशीच्या सांध्यांतून. तासाभरात बाकं तरंगली. गॅसच्या टाक्या एकमेकींवर आपटत होत्या, तो आवाज अण्णांना अजून झोपेत ऐकू येतो. आजींना खुर्चीत बसवून ट्रॅक्टरवर घेतलं आणि सगळे निपाणीत नातेवाइकांकडे गेले.

परत आल्यावर काय दिसलं, ते त्यांनी खोली-खोलीतून फिरवून सांगितलं. गुडघाभर गाळ, फुगून न उघडणारी दारं, वरच्या खोल्यांत वाचलेल्या पण ओलीनं बुरसटलेल्या गाद्या. डीप फ्रीझर आडवा होऊन खिडकीत अडकलेला. भिंतींना दोनदा रंग दिला तरी लोणा धरतो, पोपडे येतात. पुराची रेघ रंगाखालून पुन्हा वर येते. अण्णांनी कपाटातून नोंदवही काढली. पानं एकेक सुटी करून दोरीवर वाळवली होती. शाई फुटून नावं निळ्या डागांत गेलेली, पण गावांची नावं काही ठिकाणी वाचता येत होती: हुबळी, कराड, सेलम, मिरज. एका पानावर कुण्या मुनिमाची सही तेवढी ठळक राहिली होती, कारण तो शिसपेन्सिलनं लिहायचा.

मदतीचं गणित मला इथं नीट कळलं. कर्नाटक सरकारनं पूरग्रस्त कुटुंबांना तातडीचे १०,००० रुपये आणि पूर्ण पडलेल्या घरासाठी ५ लाख जाहीर केले. महाराष्ट्रानं छोट्या व्यावसायिकांना नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५०,००० रुपये द्यायचं ठरवलं. अण्णांचं लॉज कर्नाटकात, आणि घर पडलं नव्हतं. "पडलं न्हाई म्हनून वाचलो, आनि पडलं न्हाई म्हनूनच यादीत बसलो न्हाई," ते म्हणाले. पंचनाम्यात भिंती येतात, पिकं येतात, जनावरं येतात. पाच महिने खानावळ बंद राहिली, नेहमीचे ड्रायव्हर दुसऱ्या धाब्यावर थांबायला शिकले, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? हा रकाना असायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. लॉज चालतं ते सवयीवर, आणि गेलेली सवय परत आणायला गाळ उपसण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या, भिशी आधी उचलली, आणि २०२० च्या जानेवारीत पुन्हा चूल पेटली. मार्चमध्ये टाळेबंदी आली. पुढं राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर कोरोनाच्या तपासण्या सुरू झाल्या आणि इकडची माणसं तिकडं जायची थांबली. त्यातून डोकं वर काढतात तोवर जुलै २०२१ मध्ये म्हाताऱ्या, म्हणजे पुष्य नक्षत्राच्या पावसात वेदगंगा पुन्हा महामार्गावर आली. या वेळी अण्णा शहाणे झाले होते. पाणी उंबऱ्याला लागायच्या आधी फ्रीझर, भट्टी, शिधा सगळं जिन्यानं वर गेलं होतं. नुकसान कमी झालं. पण मुलगा तेव्हा म्हणाला, आता हे विकून पुण्याला जाऊ.

तो गेला नाही, याचं श्रेय तो जोतिबाच्या यात्रेकरूंना देतो. बेळगाव भागातून चैत्रात सासनकाठ्या घेऊन पायी आणि बैलगाड्यांनी निघणाऱ्यांपैकी काही मंडळींचा मुक्काम या आवारात ठरलेला. टाळेबंदी उठल्यावर ती आली. खोल्यांना पंखे नव्हते, गाद्या पुरेशा नव्हत्या. त्यांनी अंगणात सतरंज्या टाकल्या, स्वतःच पाणी शेंदलं, जेवणाचे पैसे मागितल्यापेक्षा जास्त ठेवले, आणि पुढच्या वर्षीच्या मुक्कामाचा विडा देऊन गेली. विडा घेतला म्हणजे शब्द गेला. विकायचं कसं?

आज सहापैकी चार खोल्या लावण्याजोग्या आहेत. मला मिळालेली खोली स्वच्छ होती, चादर कडक इस्त्रीची, भिंत मात्र हात लावला की गार. रात्री जेवायला तांबडा रस्सा आणि जोंधळ्याची भाकरी होती. शेजारच्या बाकावर दोनच ट्रकवाले. पूर्वी इथं रात्री जागा मिळायला थांबावं लागायचं.

सकाळी अण्णा मला महामार्गाच्या सहापदरीकरणाचं काम दाखवायला घेऊन गेले. त्यांना धास्ती आहे ती याची. नदीकाठच्या सखल भागात मातीचा उंच भराव टाकला, तर रस्ता कोरडा राहील. पण पाण्याला वाट उरणार नाही आणि ते वरच्या अंगाला गावांत, शेतांत तुंबेल. म्हणून भरावाऐवजी खांबांवरचा पूल करा, अशी आसपासच्या गावांची मागणी आहे. मला ती रास्त वाटते. रस्ता वाचवताना काठची माणसं बुडवणं हा पुरावरचा उपाय होऊ शकत नाही. अण्णांनी ढेकूळ उचलून पाणी कुठून येतं, कुठं अडेल, याचा नकाशा धुळीत काढून दाखवला. निवेदन तयार आहे, सह्या गोळा होताहेत, सगळ्यात वर आजींचा अंगठा आहे.

"ती एकदा भावासाठी रस्त्यावर बसली," अण्णा म्हणाले. "आता खांबासाठी बसायला लागलं, तर आमी बसू की."