नातीची अ‍ॅव्हेंजर

परवा नात म्हणाली, "आजोबा, सेकंडहँड अ‍ॅव्हेंजर घेतेय. बघायला चला." मला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही, पण नाही म्हणवेना. तिचा बाबा कॉलेजात असताना त्याला मी मोटारसायकल घेऊ दिली नव्हती. निव्वळ भीतीपोटी. तो ते अजून विसरलेला नाही.

बजाजची ही क्रूझर २००५ सालापासूनची. सीट बुटकी, हँडल उंच, पाय पुढे पसरून बसायचं. नातीचे दोन्ही पाय जमिनीला टेकले आणि तिचा निर्णय तिथेच झाला! मी मात्र पेपर तपासल्यासारखी गाडी तपासली. चासी नंबर आरसी बुकाशी जुळला. इंजिन हाताला गार लागलं, म्हणजे आम्ही येण्याआधी तापवून ठेवलेलं नव्हतं; तरी लगेच सुरू झालं. टायरवर शेवटचे चार आकडे १२१६, म्हणजे जन्म २०१६ च्या बाराव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत, पण रबराला भेगा. टायर नापास! किंमत थोडी उतरली.

शिकाऊ लायसन्स होतंच. मैदानात सरळ जाताना ती डौलात गेली. वळताना मात्र दीडशे किलोंच्या वरची ती लांबलचक गाडी कलली. नात कशीबशी सावरली. "पुरे आता" अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि म्हणालो, "पुन्हा वळव."

नव्या टायरांचे आणि हेल्मेटचे पैसे मी दिले.

संध्याकाळी मुलगा गाडीभोवती दोनदा फिरला, मग हळूच सीटवर बसला. मी खिडकीतून बाजूला झालो.

असो.